पाणी ज्या वाटेने उतरतं

पावसाळी भटकंती म्हटलं की महाराष्ट्रात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. हरिश्चंद्रगडावरचं धुकं, भीमाशंकरचं जंगल, ताम्हिणीतले धबधबे. पुस्तकं, नकाशे, खबरदारीच्या सूचना, सगळं त्याच डोंगरांना धरून लिहिलेलं. परभणी जिल्ह्यातल्या बोरी गावच्या माणसाने ते वाचून पावसात डोंगर चढायचं मनावर घेतलं, तर त्यातलं अर्धं त्याच्या कामाचं नसतं आणि त्याला हवं ते त्यात सापडत नाही. त्याच्या आसपास हजार फुटांचे कडे नाहीत, पायाला चिकटणाऱ्या जळवा नाहीत, आठ-आठ दिवस न हलणारं धुकं नाही. डोंगर मात्र आहेत, त्यांच्यावर रान आहे, आणि पावसाळ्याचे चार महिने तिथल्या पायवाटांवर गुराख्यांखेरीज सहसा कोणी भेटत नाही. हे प्रकरण त्या पायवाटांसाठी आहे.

बोरी हे परभणी–जिंतूर रस्त्यावरचं मोठं गाव. भोवती काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. जिंतूरकडे निघालं की जमीन हळूहळू पातळ होते, मुरूम उघडा पडायला लागतो आणि पुढे टेकड्या सुरू होतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेची ही आग्नेयेकडे पसरलेली टोकं. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. नेमगिरीवर भुयारासारख्या गुहांत जैन मंदिरं आहेत. तिथली पार्श्वनाथाची मूर्ती लहानशा दगडावर तोललेली आहे आणि ती पाहायला लांबून यात्रेकरू येतात. मंदिरापर्यंत माणसांची वर्दळ असते. आजूबाजूच्या टेकड्यांकडे वळलं की ती संपते. साग, धावडा, पळस, खैर, सालई, सीताफळाची झुडपं, मधूनमधून बेल आणि आपटा असं हे पानगळीचं रान. उन्हाळ्यात त्याच्याकडे पाहवत नाही, इतकं ते करपलेलं दिसतं. पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांत तेच रान ओळखू येत नाही. मराठवाड्यात जंगल एकूण भूभागाच्या पाच टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. म्हणूनच या टेकड्यांवरचा हिरवा पट्टा मला मोलाचा वाटतो, आणि त्यात पाय ठेवण्याआधी तो कसा चालतो हे समजून घ्यायला हवं असंही वाटतं.

या रानात पावसात चालायचं तर आभाळाइतकंच जमिनीकडे पाहावं लागतं. पडलेलं पाणी कुठे मुरलं, कुठे अडलं, कुठून बाहेर आलं, हे ज्याला वाचता येतं त्याला वाट सांभाळते.

सुरुवात खडकापासून करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे लोट पुन्हा पुन्हा वाहिले आणि एकावर एक थंड होत गेले. प्रत्येक लोटाचा आतला भाग घट्ट, काळा आणि कठीण झाला. वरच्या भागातून वायू निसटत होते, तिथे बारीक पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं साठली. विहिरी खोदणाऱ्या माणसांना हा फरक कोणी पुस्तकातून शिकवला नाही. ते कठीण थराला पाषाण म्हणतात आणि पोकळ्यांच्या ठिसूळ थराला मांजऱ्या. दोन लोटांच्या मध्ये कधीकधी गेरूसारखा तांबडा मातकट थर सापडतो. एक लोट थंड होऊन दुसरा येईपर्यंत गेलेल्या काळात तयार झालेली ती माती, वरच्या लाव्हाने भाजून निघालेली.

डोंगर चढताना हे थर पायांना कळतात. कठीण पाषाण आला की चढ उभा होतो, मांजऱ्या आला की वाट सैल पडते, थोडी सपाटी लागते, आणि पुन्हा चढ. पावसाचं पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली झिरपतं, घट्ट पाषाण किंवा तांबडा थर लागला की तिथे अडतं, आडवं सरकतं आणि उताराच्या बाजूने बाहेर येतं. म्हणून पाऊस थांबून दोन दिवस झाले, वरची आणि खालची वाट सुकली, तरी मधल्या एका पट्ट्यात ती ओलीच राहते. समोरच्या टेकडीवर पाहिलं तर साधारण त्याच उंचीला हिरवाई अधिक गडद दिसते. अनोळखी वाटेवर घसरण्याचा धोका सर्वांत जास्त याच पट्ट्यात, कारण इथल्या दगडावर शेवाळ धरलेलं असतं. उन्हाळाभर खडकावर जो काळपट, मेल्यासारखा थर दिसतो, त्यात निळ्या-हिरव्या शैवालाचे सूक्ष्म जीव वाळून बसलेले असतात. पाणी लागताच ते काही मिनिटांत फुगून जिवंत होतात आणि खडक बुळबुळीत होतो. काळ्या दगडापेक्षा पिवळसर मुरमावर पाऊल टाकणं केव्हाही बरं, आणि चकाकणाऱ्या काळ्या दगडावर तर मुळीच नको.

पायथ्याच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. या खनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. पाणी त्यांच्या मध्ये शिरतं आणि भिजलेल्या वहीची पानं फुगावीत तसे ते फुगतात. वाळताना माती आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. जूनमधला पहिला मोठा पाऊस या भेगांतून सरळ खोल जातो. ओढे कोरडेच राहतात आणि नवख्याला वाटतं, एवढ्या पावसाने काही झालं नाही. ऑगस्ट उजाडेपर्यंत माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, मुरूमही भरलेला असतो. आता जूनच्या निम्मा पाऊस पडला तरी पाणी मुरायला जागा नसते, ते वरूनच पळतं. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी छातीला लागू शकतो.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी होतं. महसूल खात्याच्या लेखी २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. एखाद्या ओढ्याचं पाणलोट अवघं दोन चौरस किलोमीटर असलं, तरी अशा दिवशी त्यावर १३ कोटी लिटर पाणी पडतं. माती तृप्त असेल तर त्यातलं पुष्कळसं पाणी त्याच एका ओढ्याने उतरतं. डोंगराच्या उत्तर उताराचं पाणी पूर्णेकडे आणि येलदरीच्या जलाशयाकडे जातं, दुसऱ्या बाजूचं करपरेसारख्या लहान नद्यांकडे. शेवटी सगळं गोदावरीला मिळतं. पण भटक्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तो पहिला, नाव नसलेला ओढा. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. जोरात वाहणारं वीतभरापेक्षा कमी पाणीही धडधाकट माणसाचे पाय काढू शकतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा पाणी काही क्षणांत वाढलं होतं. आपल्याकडच्या ओढ्यांना तशी प्रसिद्धी नाही, पाण्याचा स्वभाव मात्र तोच. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, आवाज बदलला, की वर कुठेतरी पाऊस झाला आहे असं समजावं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरीही. अशा वेळी अलीकडच्या काठावर थांबावं. हे ओढे लवकर चढतात तसे लवकर उतरतात. दोन तास बसून राहण्याची तयारी असली की बहुतेक संकटं टळतात.

शेतकरी वापसा पाहून पेरणी करतो. पाय रुतणार नाही, ढेकूळही निघणार नाही, अशा बेताची ओल. वाट चालायलाही तोच मुहूर्त उत्तम. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांची उघडीप मिळाली आणि मग भुरभुर सुरू झाली, की निघावं. काळी माती वापशावर नसताना चपला-बुटांना इतकी चिकटते की दर वीस पावलांना ती खरवडत बसावं लागतं. गावातली माणसं चपला हातात घेऊन अनवाणी तो पट्टा पार करतात आणि मुरूम लागला की पाय धुऊन पुन्हा घालतात. याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

रानात शिरल्यावर पाऊस बदलतो. झाडोऱ्यावर पडलेल्या पावसातला काही भाग पानांवरच राहतो आणि वाफ होऊन परत जातो, काही खोडावरून ओघळतो, उरलेला थेंबाथेंबाने गळतो. पाऊस थांबल्यावरही रानात बराच वेळ पाऊस पडतोच. गळणारे थेंब मूळ पावसाच्या थेंबांपेक्षा मोठे असतात. सागाच्या रुंद पानावर पाणी साठतं आणि टोकाशी एकवटून जाड थेंब खाली येतो. उंच सागावरून पडताना तो इतका वेग घेतो की खाली झुडूप किंवा पाचोळा नसेल तर माती उडवतो. म्हणून निव्वळ सागाची लागवड असलेल्या, वणव्याने किंवा चराईने तळ उघडा पडलेल्या उतारावर माती झपाट्याने धुपते. मिश्र रानात ती तितकी धुपत नाही. वरच्या थेंबाला मधल्या फांद्या अडवतात, मधल्याला बोराटी, खालच्याला गवत. दाट, काटेरी, चालायला अवघड वाटणाऱ्या रानाबद्दल तक्रार करण्याआधी हे आठवावं.

आणि पायवाटेबद्दलही. पायवाट म्हणजे माणसांनी आणि गुरांनी वर्षानुवर्षं तुडवून घट्ट केलेली जमीन. तिच्यात पाणी मुरत नाही. मोठ्या सरीत वाट हाच ओहोळ होतो, दर पावसाळ्यात खोल होत जातो. चिखल टाळण्यासाठी आपण कडेच्या गवतावरून चालतो, तिथलं गवत मरतं, वाट रुंदावते, पुढच्या वर्षी पाणी आणखी रुंद पट्ट्यातून धावतं. दहा जणांचा गट असेल तर हे एका दिवसात दिसतं. चिखल असला तरी वाटेच्या मधून, एकामागे एक चालावं. उतारावर बऱ्याच ठिकाणी समतल चर खोदलेले दिसतात, एकाच उंचीवर डोंगराला वळसा घालत गेलेले. धावणारं पाणी अडवून मुरवण्यासाठी ते केलेले असतात आणि पायथ्याच्या विहिरींना फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकावं हा त्यांचा हेतू असतो. चराच्या कडेवरून चालल्याने ती ढासळते. जवळची वाट म्हणून ती धरू नये, हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

आता आभाळाकडे वळू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परभणीला नऊशे ते हजारच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प सह्याद्री उतरवून घेतो आणि मराठवाडा त्याच्या पावसाच्या सावलीत राहतो. आपल्याला मोठा पाऊस मिळतो तो बहुधा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ ओलांडत पश्चिमेला सरकलं की. त्यामुळे इथला पाऊस सलग नसतो. आठवडे कोरडे जातात आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने याचं भयंकर रूप पाहिलं.

दुसरा फरक विजेचा. सह्याद्रीच्या माथ्यावर ऐन पावसाळ्यात संततधार असते, पण गडगडाट कमी. मराठवाड्यात पावसाच्या तोंडाशी, मे–जूनमध्ये, आणि परतीच्या वेळी, सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये, तापलेल्या जमिनीवरून हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. दर वर्षी शेतात काम करणारी, गुरं राखणारी माणसं विजेने दगावतात. डोंगरातल्या भटक्याला सापापेक्षा आणि बिबट्यापेक्षा या विजेची काळजी अधिक असायला हवी.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तीनने भागावं. येतं ते वीज किती किलोमीटरवर पडली त्याचं अंतर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यापाशीही पडू शकते. माथ्यावरून आणि सोंडेवरून ताबडतोब खाली यावं. एकट्या उंच झाडाखाली थांबू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पाऊस आला की पाय तिकडेच वळतात. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत उतरते आणि मुळांच्या बाजूने पसरते. दोन पायांत जितकं अंतर जास्त, तितका शरीरातून जाणारा प्रवाह जास्त. गाई-म्हशींचे पुढचे आणि मागचे पाय दूर असल्याने झाडाखाली उभी असलेली जनावरं एका फटक्यात दगावतात, ती यामुळे. उथळ गुहा किंवा कपार हा आडोसाही फसवा. वीज खडकावरून उतरताना कपारीच्या छतापासून तळापर्यंत उडी घेऊ शकते, आणि मधे माणूस बसलेला असतो. खोल, सारख्या उंचीच्या झाडांच्या रानात, खळग्यात, पाण्यापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसावं. गटातल्या माणसांनी एकमेकांपासून अंतर ठेवावं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. कोणाला वीज लागलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नये. शरीरात वीज साठून राहत नाही. श्वास आणि हृदय थांबलं असेल तर त्याच क्षणी छाती दाबून उपचार सुरू केल्याने माणूस वाचू शकतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेलं दामिनी हे मोबाईल ॲप आसपास वीज पडण्याची सूचना देतं. डोंगरात रेंज जाते, म्हणून निघण्याआधी ते पाहावं. त्याहून भरवशाचा नियम असा की जून आणि सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पहाटे निघावं आणि दुपारी दोनच्या आत पायथ्याशी असावं.

कपड्यांबद्दल फार लिहायला नको. सुती कपडा पाणी धरतो आणि वाऱ्यात अंग गार पाडतो. लोकर भिजली तरी ऊब देते, कारण तिचा तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल आत घेऊनही अंगाला ओला लागत नाही. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी म्हणून टिकली. ती नसेल तर पोत्याची खोळ आहेच, हात मोकळे राहतात. छत्री रानात निरुपयोगी, फांद्यांत अडकते आणि समोरचं दिसू देत नाही.

दगडांच्या राशीत फुरसं असतं. वीतभर ते दोन वितींचं, मातकट रंगाचं, डिवचल्यावर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करणारं. पावसात ते दगडावर किंवा खालच्या फांदीवर येऊन बसतं. हात टेकण्याआधी पाहावं, काठीने पुढचं गवत हलवावं. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नये. तो अवयव न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठावा, प्रतिविषाची लस तिथे मिळते. दगड उलटवण्याचा मोह विंचवासाठीही आवरावा. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक जण दगावत. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाचा त्यावर उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचं प्रमाण कमालीचं खाली आलं. मराठवाड्याच्या मातीतल्या माणसाने जगाला दिलेली ही गोष्ट आपल्या शाळांतून पुरेशी सांगितली जात नाही.

पावसाच्या आवाजात पावलांचा आवाज बुडतो, हेही ध्यानात ठेवावं. रानडुकराला आपण दिसत नाही आणि आपल्याला ते. वळणावर बोलत, काठी आपटत जावं. रोही मात्र लांबूनच चाहूल घेऊन निघून जातो.

एवढी काळजी घेतल्यावर जे पाहायला मिळतं ते भरपूर आहे. मृगाच्या पहिल्या सरींत येणारा मातीचा वास हा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. सच्छिद्र मातीवर थेंब आपटला की त्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि तो वास हवेत उडवतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. हलक्या आणि मध्यम सरीत ते अधिक घडतं. धो धो पावसात वास कमी येतो याचा अनुभव प्रत्येकाला आहे. त्याच दिवसांत वाटेवर मखमली लाल मृगाचे किडे दिसतात. वर्षातला बराच काळ ते जमिनीखाली काढतात आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतात. पावशाची हाक शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर आलेला चातक झुडपांच्या शेंड्यावर दिसतो.

तरण्या आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्यात, कुंपणांवर कर्टुल्याचे वेल चढतात, बांधावर तरोटा आणि कुर्डू माजतो. रानभाजी ओळखणाऱ्या बाईबरोबर एक सकाळ काढली तर जे कळतं ते चित्रांच्या पुस्तकातून कळत नाही. न ओळखता काहीही तोडून खाऊ नये. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची कळलावी याच दिवसांत फुलते, तिचा कंद जीवघेणा विषारी आहे. भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी आघाडा आणि तेरडा आणायला बायका टेकडीच्या पायथ्याशी येतात, तोवर रान सर्वांत दाट झालेलं असतं.

हस्ताच्या पावसाबरोबर विजा परततात आणि चालण्याचा हंगाम आवरता घ्यावा लागतो. ऑक्टोबरमध्ये उतारावरचं कुसळी गवत पिकतं. त्याच्या प्रत्येक बीजाला टोकदार सुई आणि पीळ पडलेलं लांब कुसळ असतं. हवेतली ओल वाढली की कुसळ उलगडतं, वाळलं की पुन्हा पिळतं, आणि दर फेऱ्याला बी जमिनीत थोडं खोल शिरतं. पहाटेचं दव आणि दुपारचं ऊन एवढ्यावर ते स्वतःला पेरून घेतं. पायमोज्यांत अडकलेली कुसळंही हेच करतात, शिवणीतून आत सरकत कातडीपर्यंत पोचतात. ती काढायची तर सुईच्या टोकाच्या दिशेने ओढावीत, उलटी ओढली तर तुटतात. आणि काढलेली तिथेच, डोंगरावरच टाकावीत. मेंढपाळाला ती नकोशी असतात, कारण मेंढ्यांच्या लोकरीत शिरून ती त्यांना जखमी करतात. उघड्या मुरमाला मात्र पुढच्या जूनमध्ये धरून ठेवणारं हेच गवत असतं.